आरशावरचा कृष्ण

आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला सगळे सारथी म्हणायचे. मी मात्र बुवा म्हणायची. माणसाचं देव-देव फार वाढलं की त्याला कुणीतरी जमिनीवर आणावं लागतं, आणि बावीस वर्षं ते काम माझ्याकडे होतं. मी त्या गाडीतली नर्स. ते पुढे, मी मागे पेशंटजवळ, मध्ये एक सरकती काच. सायरन चालू असला की बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून आमच्या खुणा ठरल्या होत्या. काचेवर एकदा ठोठावलं की सावकाश, दोनदा म्हणजे जोरात, तीनदा म्हणजे गाडी थांबवा. तीनदा ठोठावायची वेळ माझ्यावर बावीस वर्षांत चारदा आली. पाचव्यांदा आली तेव्हा मी तीनदा ठोठावलं नाही.

बुवा कृष्णाचे भक्त, पण त्यांची भक्ती देवळातली नव्हती. मुरलीवाला, लोणी चोरणारा, ते सगळं छान आहे, म्हणायचे, पण माझा कृष्ण तो लगाम धरलेला. एवढा मोठा राजा, आणि दुसऱ्याची गाडी हाकायला बसला. "सिस्टर, ऐन लढाईत त्यानं घोडे सोडले, पाणी पाजलं, अंगातले बाण उपटले आणि खरारा केला. स्वतःच्या हातानं. आहे का आपल्या कुठल्या साहेबात एवढी हिंमत?" ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली असेल. पण ऐकवून ते थांबायचे नाहीत, हे खरं. रोज संध्याकाळी गाडी ते स्वतः धुवायचे, आतून आणि बाहेरून. रक्त असो, उलटी असो, दुसऱ्या कुणाला फडकं धरू द्यायचे नाहीत. इंजिन तापलं की म्हणायचे, घोडे दमले. मी म्हणायची, "मग चारा घाला, बुवा, आणि जरा लवकर घाला, पेशंट वाट बघतोय."

गाडीतला आतला आरसा, ज्यात मागचं दिसतं, तो त्यांनी झाकून टाकला होता. त्याची कथा मी नोकरीला लागायच्या आधीची. नवीन होते तेव्हा एकदा मागे एक लहान मूल कळवळून रडत होतं. ह्यांनी आरशात पाहिलं, पाहतच राहिले आणि गाडी भिंतीला घासली. कुणाला लागलं नाही, पण त्या मुलाची आई जी किंचाळली, ती बुवांच्या कानातून गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रथाचं एक चित्र आणलं. पुढे घोडे, मध्ये लगाम धरलेला कृष्ण, मागे अर्जुन. चित्र आरशापेक्षा लांब निघालं, तेव्हा कात्रीनं अर्जुन कापून टाकला आणि घोडे व कृष्ण तेवढे आरशावर चिकटवले. त्या चित्रातल्या कृष्णाची मान वळलेली आहे आणि नजर बरोबर ड्रायव्हरच्या सीटवर येते. बुवांना त्याचं फार अप्रूप. "बघा सिस्टर, मी कसा चालवतो त्यावर लक्ष आहे त्याचं."

तेव्हापासून त्यांचा नियम: मागे बघायचं नाही, रथ हाकायचा. पोचवणं आपलं, पुढचं त्याचं. स्ट्रेचर उचलतानाही पुढचा दांडा त्यांचाच, म्हणजे पाठ पेशंटकडे. पोचवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, हे ते कधी विचारत नसत आणि कुणी सांगायला लागलं तर हात वर करून थांबवत.

मी तोंडानं कितीही फटकळ असले तरी एक कबूल करते. सुरुवातीची वर्षं ह्याच नियमानं मला तारलं. एखादं पोर हातात जायचं आणि माझ्या घशाखाली घोट उतरायचा नाही, तेव्हा बुवा कपबशी पुढे करून म्हणायचे, "आपण धावलो ना? जीव तोडून धावलो ना? मग हात धुवा आणि चहा घ्या. बाकीचं ओझं ज्याचं त्याला उचलू दे." रात्री झोप लागायला लागली ती त्यांच्यामुळे. पण औषध गुणकारी असलं म्हणून कुणी त्याचा स्वयंपाक करत नाही. बुवांनी केला. हॉस्पिटलातला नियम त्यांनी घरी नेला.

घरी बायको आणि एक मुलगी. मुलीला ते खारू म्हणायचे, कारण पोरगी खारीसारखी मिळेल ते दडवून ठेवायची: पेन्सिलीची थोटकं, बटणं, रंगीत कागद. बायको आजारी पडली आणि ज्या दुपारी गेली त्या दुपारी बुवा दुसरा पेशंट घेऊन लांब गेले होते. त्यात त्यांचा दोष नव्हता, कुणी दिलाही नाही. पण घरी येऊन त्यांनी वीस वर्षांच्या रडणाऱ्या लेकीला सांगितलं, "गेलेल्याकडे वळून बघू नये." ती म्हणाली, "बाबा, आई पेशंट नव्हती." हे मला त्यांनीच सांगितलं, आणि तेसुद्धा मुलीला अजून समज नाही अशा सुरात.

पुढे तीन वर्षांनी तिनं लग्न ठरवलं. मुलगा छापखान्यात मशीनवर, सरळमार्गी, बुवांची काही हरकत नव्हती. सकाळी अकराला नोंदणी होती. साडेदहाला कॉल आला. बदली ड्रायव्हर तिथेच बसला होता, मी हातात हात घेऊन सांगितलं की जा हो, पोरगी वाट बघत असेल. नाही गेले. संध्याकाळी दोघं नवरा-बायको नमस्काराला हॉस्पिटलच्या आवारात आली. बुवा गाडी धूत होते. त्यांनी मान वळवली नाही. पाठमोरेच म्हणाले, "पोचलीस ना तुझ्या ठिकाणी? झालं तर मग."

ती दोन मिनिटं उभी राहिली आणि निघून गेली. गावही सोडलं. त्याला आठ वर्षं झाली.

मला त्या दिवशी असा संताप आला होता की ती बादली त्यांच्या डोक्यावर उपडी करावी. पण पुढे माझ्या लक्षात आलं, माणूस आतून पोखरत चाललाय. तीन वर्षांपूर्वी कुठून तरी तिचा फोन नंबर त्यांनी मिळवला. चिठ्ठी आरशाच्या मागे खोचून ठेवली. काम नसलं की काढायचे, बघायचे, घडी घालून परत ठेवायचे. मी म्हणायची, "लावा की फोन. बोटं झिजतील का?"

"बघू. रविवारी करतो."

"बुवा, हा तुमचा कृष्ण नव्हे. हा तुमचा हेका आहे. उगाच देवाच्या नावावर खपवू नका."

ते हसायचे. रविवार यायचा आणि जायचा. घरी पोरीची खोली मात्र रोज झाडायचे, हे शेजारीण मला सांगायची. एकच गोष्ट त्या माणसाला ह्या जगात हवी होती, लेक दारात यावी, आणि तीच मागायला तोंड उघडत नव्हतं.

मग तो दिवस आला. सकाळचे पावणेदहा. दुसरी गाडी गॅरेजमध्ये, आम्ही एकटेच कामावर. निरोप आला की एका गोदामात बाई शिडीवरून पडली, शुद्धीवर आहे, पोटाला मार आहे. नाव आम्ही जागेवर विचारत नाही, ते पुढे हॉस्पिटलच्या खिडकीवर लिहून घेतात. खोक्यांच्या रांगांमधून आत गेलो. बाई जमिनीवर कुशीवर पडलेली, पांढरीफटक. पडताना पोट लोखंडी रॅकच्या कडेवर आपटलं होतं. मी हात लावला तर पोट लाकडासारखं कडक. मनात म्हटलं, आत रक्त सुटलंय, घाई केली पाहिजे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. बुवांनी नेहमीसारखा पुढचा दांडा धरला, पाठ तिच्याकडे. डोक्याकडून मी आणि एक हमाल. गाडीपाशी पोचल्यावर दांडा दुसऱ्याच्या हातात देऊन ते आपल्या सीटवर गेले. निघताना रोजचं म्हणाले, "चला देवा, बसा."

मी सलाइन लावत होते. तिनं मास्क बाजूला केला.

"सिस्टर, आरशावर अजून कृष्ण आहे?"

मला वाटलं, बाई बरळतेय. "आहे की. तुम्हाला कसं माहीत?"

"अर्धाच ना? मागचा अर्धा माझ्याकडे आहे."

माझ्या हातातून सुई कधी निसटत नाही. त्या दिवशी निसटली. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आठ वर्षांत गाल बसले होते, पण हनुवटी बुवांची. मी म्हटलं, "खारू?" तिनं मान हलवली.

मी मूठ उचलली, तीनदा ठोठावायला. तिनं माझं मनगट धरलं. हात गार, पण पकड घट्ट. "नको, सिस्टर. गाडी चालवताहेत ना. हात कापतील त्यांचे. पोचल्यावर सांगा. आता कुठे जाताहेत ते."

तिची नाडी बारीक लागत होती. आणि मी, बावीस वर्षं त्या माणसाला शिव्या घालणारी मी, नेमक्या वेळी शहाण्यासारखा विचार केला. थांबलो तर बाप रडेल, लेक रडेल, पाच मिनिटं जातील, आणि हिच्याजवळ ती पाच मिनिटं नाहीत. मूठ तशीच हवेत होती. मी दोनदा ठोठावलं. पुढे बुवांनी वेग वाढवला.

ती हळूहळू बोलत राहिली. दोन महिने झाले होते गावात परत येऊन, नवऱ्याला इथल्या छापखान्यात काम मिळालं होतं. "रोज म्हणते, रविवारी जाईन. रविवार आला की धुणं काढून बसते. एकदा गेले होते आवारापर्यंत. ते गाडी धूत होते, पाठमोरे. फाटकातूनच परतले." मग तिचे डोळे मिटायला लागले. मी गालावर थोपटत होते, बोल गं, झोपू नको. तिनं डोळे उघडले. "टक्कल पडलं की हो त्यांना. मगाशी स्ट्रेचरवरून बघत होते. तेवढंच दिसलं."

हॉस्पिटलच्या दारात आधीच डॉक्टर उभे होते, तिला थेट ऑपरेशनला घेतलं. मी बरोबर धावत गेले. आतलं दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांना म्हणावं, एकही धक्का बसला नाही."

मी पळतच बाहेर आले. सांगायचंच होतं, तोंडाशी शब्द होते. बुवा सीटवर, इंजिन चालू. "बसा सिस्टर, कॉल आहे. म्हातारा माणूस, श्वास अडकलाय. गाव लांब आहे." दुसरी गाडी नव्हती. बदली ड्रायव्हर रजेवर. मी दाराला धरून उभी राहिले. आता सांगितलं तर हा माणूस जागचा हलणार नाही, किंवा हलला तर डोळे भरलेले घेऊन चालवेल, आणि तिकडे एक जीव गुदमरतोय. ऑपरेशनला दोन तास तरी लागतील, असंही मनाला सांगितलं. तोवर येऊ परत. मी मागे जाऊन बसले.

तो म्हातारा वाचला. अजून हिंडतो-फिरतो, भेटला की हात जोडतो. त्याचं काय चुकलं? पण मला त्याच्याकडे बघवत नाही.

परत यायला सव्वा तास लागला. त्याला आत पोचवून मी ऑपरेशनच्या खोलीकडे गेले. बाकावर एक माणूस बसला होता, बोटांना शाई, हातात बायकांची पर्स. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला विचारायची गरज उरली नाही. वीस मिनिटांपूर्वी गेली होती.

बुवा गाडीत मागची जागा पुसत होते. ज्या रेक्झिनवर ती पडली होती तेच. मी म्हटलं, "बुवा, सकाळची ती बाई..." त्यांनी पाठमोरा हात वर केला. "पेशंटचं मला सांगायचं नाही, सिस्टर. ठरलंय आपलं."

"पेशंट नव्हती ती. तुमची खारू होती."

हात तसाच वर राहिला. मग फडकं खाली पडलं. मी सगळं सांगितलं, एका दमात, काही मागे ठेवलं नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तीनदा ठोठावलं का नाहीत?"

"तिनं हात धरला. म्हणाली, गाडी चालवताहेत."

बराच वेळ ते त्या रिकाम्या स्ट्रेचरकडे बघत होते. मग म्हणाले, "माझंच शिकवणं." आणि आत गेले. आत त्यांनी तिचं तोंड पाहिलं, तेव्हा मी दारात होते. तिथलं मी सांगणार नाही. इतकंच सांगते की आठ वर्षांचं सगळं बोलणं त्यांनी तेव्हा एकदम बोलून घेतलं आणि ऐकायला ती नव्हती.

तीन आठवडे बुवा कामावर आले नाहीत. आले त्या दिवशी आवारात जावई आला. बरोबर एक पत्र्याची कंपासपेटी, गंजलेली. म्हणाला, "हिच्या कपाटात होती. तुमची आहे असं ती म्हणायची." आत दोन-तीन बटणं, पेन्सिलीचं थोटूक, आणि घडी न पडलेला चित्राचा तुकडा. अर्जुन. रथात मागे बसलेला, धनुष्य खाली टाकलेलं, तोंड वर केलेलं. मागे लहान मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, बाबांनी कापलेला.

बुवा पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी बाजूला बसले, बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो तुकडा आरशावरच्या चित्राला लावून धरला. कड कडेला जुळली. आणि मलाही दिसलं. कृष्ण ड्रायव्हरकडे बघत नव्हताच. मान वळवून तो मागे बघत होता, मागे बसलेल्याच्या तोंडाकडे.

"सिस्टर," बुवा म्हणाले, "त्यानं रथ थांबवला होता हो. दोन्हीकडे सैन्य उभं, शंख वाजलेले, तरी मधोमध थांबवला. मागचा रडत होता म्हणून. आणि वळून बोलत बसला त्याच्याशी. हे मला लहानपणापासून पाठ आहे. सगळ्या जगाला पाठ आहे." मग त्यांनी तुकड्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "मी कापून टाकला त्याला. मावत नव्हता म्हणून."

मी कृष्णाशी मनात खूप भांडले. एवढा मागे बघतोस, तर त्या सकाळी ह्या माणसाची मान एकदा फिरवायला तुझं काय जात होतं? पण माझ्या मुठीचं उत्तर मला तरी कुठे देता येतं.

तेवढ्यात कॉल आला. चौथ्या मजल्यावर एका कॉलेजातल्या पोरीचा पाय मोडला होता, लिफ्ट बंद. बुवांनी तो तुकडा खिशात ठेवला, गाडी काढली. वर गेलो, तिला स्ट्रेचरवर घेतलं. मी सवयीनं डोक्याकडे जायला लागले तर तिथे बुवा उभे होते, मागचा दांडा धरून.

"तुम्ही पुढे व्हा, सिस्टर."

मी पुढचा दांडा धरला. जिने उतरायला लागलो. पाठीमागून बुवांचा आवाज आला.

"नाव काय बाळ तुझं?"

तिनं कण्हत कण्हत सांगितलं. बुवांनी ते एकदा पुन्हा म्हणून पाहिलं, मग विचारलं, घरी कोण कोण असतं, बाबांना कळवलं का. ती म्हणाली, नाही, बाबा ओरडतील. ते म्हणाले, "ओरडू दे. आधी फोन लाव. हा घे माझा." चारही मजले ते तिच्याशी बोलत होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे मला त्यांचं तोंड दिसलं नाही आणि माझं त्यांना.